शत्रूशीं बोलणें म्हणजे शरण जाणें नव्हे

सन २०२५ च्या मे महिन्यांत हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्यांत चार दिवस जी लढाई झाली, ती कोणत्या साधनानें थांबली हें पुष्कळांच्या ध्यानांत राहिलें नसेल. क्षेपणास्त्रें व ड्रोन यांची चर्चा घरोघर झाली, परंतु ता. १० रोजीं दुपारीं ३ वाजून ३५ मिनिटांनीं पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनीं आमच्या महासंचालकांस टेलिफोन केला व सायंकाळीं ५ पासून मारा थांबविण्याचें ठरलें, ही गोष्ट लवकरच मागें पडली. त्या रात्रींहि कांहीं कुरापती झाल्या, तेव्हां ता. १२ रोजीं पुन्हा बोलणें झालें. हा मार्ग १९७१ च्या युद्धानंतर घातलेला आहे. तो आधींच नसता, तर ऐन आगींत विहीर खणण्याचा प्रसंग आला असता.

यावर असा आक्षेप येतो कीं, ज्या देशांत मारेकऱ्यांच्या टोळ्या पोसल्या जातात त्याच्याशीं बोलावयाचें तरी काय? पहलगामास ता. २२ एप्रिल २०२५ रोजीं २६ निरपराध माणसें मारलीं गेलीं, त्यांत सहा महाराष्ट्रांतलीं होतीं. २००८ सालचा नोव्हेंबर मुंबईकर अद्याप विसरलेले नाहींत. १९९९ च्या फेब्रुवारींत लाहोरास जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि त्याच उन्हाळ्यांत कारगिलचीं शिखरें रक्तानें भिजलीं. हा आक्षेप पोकळ आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्यांत एक घोंटाळा आहे. स्नेहाचें बोलणें निराळें आणि धोक्याचें बोलणें निराळें. आमच्या वकिलीच्या धंद्यांत दोघां भाऊबंदांचा दावा वीस वीस वर्षें चाललेला आम्ही पाहिला आहे. पण सामाईक भिंतीस आग लागूं नये याविषयीं त्यांचें एकमत होण्यास निकालाची वाट पाहावी लागली नाहीं. करार हा विश्वासाचा पुरावा नसून अविश्वासावरील उपाय आहे. ज्यांचा परस्परांवर पूर्ण भरंवसा असतो त्यांस दस्तऐवज लागतच नाहीं.

या म्हणण्यास प्रत्यक्ष आधार आहे. ता. ३१ डिसेंबर १९८८ रोजीं राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या कारकीर्दींत, परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाहीं, असा करार इस्लामाबादेस झाला. तो १९९१ च्या जानेवारींत अंमलांत आला, आणि १९९२ पासून दर वर्षीं १ जानेवारीस दोन्ही सरकारें आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांस देत आलीं. कारगिल झालें, मुंबईवरील हल्ला झाला, तरी ही देवघेव चुकली नाहीं. २०२५ च्या जानेवारीपर्यंत ती ३४ वेळां झाली. पालघर जिल्ह्यांतील तारापूरच्या वाफाऱ्याशेजारीं राहणाऱ्या माणसास या कागदाचें मोल निराळें सांगावयास नको. कराचीच्या अणुभट्टीलगतच्या माणसासहि नको. आणि तें कराची १९३६ पर्यंत आमच्याच मुंबई इलाख्यांत होतें.

मात्र जुन्या कागदांस आतां भोंकें पडलीं आहेत. २००५ च्या कराराप्रमाणें क्षेपणास्त्र-चांचणीची पूर्वसूचना द्यावी लागते. पण ती फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांची. क्रूझ क्षेपणास्त्रें व ड्रोन त्यांत नाहींत, आणि २०२५ च्या लढाईंत वापर झाला तो यांचाच. ता. ९ मार्च २०२२ रोजीं आमचें एक क्षेपणास्त्र चुकून सुटलें व पाकिस्तानांतील मियां चन्नूजवळ पडलें. सरकारनें खेद प्रगट केला, तीन अधिकाऱ्यांस बडतर्फ केलें. कोणी मेलें नाहीं हें दैव. परंतु राष्ट्राचें संरक्षण दैवावर सोंपविणें हें शहाणपण नव्हे.

इतरत्र काय घडलें तेंहि पाहावें. ब्राझील व आर्जेंटिना यांची चुरस जुनी, आणि दोघांचीहि अणुकामें परस्परांस संशयास्पद. १९९१ सालीं त्यांनीं एक संयुक्त संस्था स्थापिली. तिच्यामार्फत एका देशाचे निरीक्षक दुसऱ्याचे कारखाने तपासतात. तेथें सीमेवर रक्त वाहत नव्हतें, हा भेद मोठा आहे, व म्हणून तें उदाहरण जसेंच्या तसें येथें लागू पडणार नाहीं. पण ज्याचा संशय येतो त्याच्याच घरांत जाऊन मोजदाद करण्याची सोय होऊं शकते, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

सिंधू नदीचा १९६० चा करार हिंदुस्थानानें २०२५ च्या एप्रिलांत स्थगित केला. राष्ट्राच्या हातीं जीं दडपणाचीं साधनें आहेत तीं त्यानें वापरूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. दहशतवादाविषयींची मागणीहि तिळमात्र सैल होतां कामा नये. पण त्याच्याच जोडीला तीन गोष्टी मागाव्या: क्रूझ क्षेपणास्त्रें व ड्रोन यांच्या चांचण्यांची पूर्वसूचना, संकट नसतांहि महासंचालकांचें ठराविक वारीं बोलणें, आणि चुकून हद्द ओलांडणाऱ्या मच्छिमारांची शिक्षा संपतांच सुटका. पाकिस्तानानें ता. १ जुलै २०२५ रोजीं दिलेल्या यादींत असे १९३ मच्छिमार होते. लढाईस दोन महिने होण्याच्या आंतच ही यादी आली, हें विशेष.

व्यापारी गृहस्थ दुकानाचा विमा उतरवितो तो चोरावर प्रेम जडलें म्हणून नव्हे. दाराला अडसर असावा, उशाशीं काठी असावी, आणि आग लागल्यास शेजाऱ्यास हांक मारतां यावी. यांतील एकहि गोष्ट दुसरीस मारक नाहीं. हें ज्या दिवशीं आमच्या लोकमतास पटेल, त्या दिवशीं सरकारासहि बोलण्याची लाज वाटणार नाहीं.