माऊस बाजूला ठेवून बघा!

थेरपिस्ट आपण कधी शोधतो? रात्री साडेअकराला. घरातले सगळे झोपले की, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी करून. आईला कळलं तर 'तुला काय कमी आहे?' हे लेक्चर ठरलेलं! थोडक्यात काय, हा शोध एकट्यानंच करायचा असतो.

पण ज्याला दिसत नाही, त्यानं काय करायचं?

परवा एका अंध मित्राबरोबर बसून मी थेरपिस्टची एक डिरेक्टरी ऐकली. हो, ऐकलीच. तो स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. साइट दिसायला एकदम कूल. पेस्टल रंग, हसरे फोटो. कानावर मात्र काय येत होतं? 'इमेज. बटन. बटन. इमेज.' फोटो कुणाचा, बटन कशाचं, पत्ता नाही. अपॉइंटमेंटचं कॅलेंडर फक्त माऊसनं उघडणारं. आणि शेवटी, 'ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा'. बॉस, निवडायचे कुणी?

मित्र शांतपणे म्हणाला, "एरवी इथे मी ताईला हाक मारतो. पण हे तिला सांगायचंच नाहीये गं."

खरा प्रॉब्लेम हाच. पिझ्झा मागवताना कुणाची मदत घेतली तर बिघडत नाही. इथे मदत मागितली की गुपित फुटलं. मग माणूस लॅपटॉप बंद करून गप्प बसतो.

ऐकू न येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. 'अपॉइंटमेंटसाठी कॉल करा', दुसरा पर्यायच नाही. व्हीलचेअरवाल्यांना क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे एवढं कळतं. लिफ्ट आहे का, ते नाही. फीचा फिल्टर असतो, भाषेचा असतो. मग 'पायऱ्या नाहीत', 'चॅटवर सेशन', 'साइन लँग्वेज येते' हे का नसावेत?

गंमत म्हणजे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे. म्हणजे हे लोक साइटचे 'स्पेशल' पाहुणे नव्हेत, नेहमीचेच ग्राहक! आणि ३० एप्रिल २०२५ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की, डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम तयार आहेत. फोटोला आणि बटनाला नाव द्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. कॉलसोबत ईमेल किंवा मेसेजची सोय करा. चित्रांच्या कोड्याला दुसरा पर्याय द्या. चाचणीसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्याहून बेस्ट म्हणजे रोज तो वापरणाऱ्यालाच बोलवा. अर्थात, पैसे देऊन!

तुमच्यापैकी कितीतरी जण साइट्स बनवता, विकता, त्यांचं मार्केटिंग करता. उद्या लंच टाइममध्ये माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर दाबून एक अपॉइंटमेंट बुक करून बघा. जिथे अडकाल, ती जागा लिहून घ्या. दुपारच्या मीटिंगचा पहिला मुद्दा तोच.