पाणी म्हणजे माया नव्हे

कित्येक शेतकरी बंधूंच्या घरीं आतां खिडकींत आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी दिसते. मखमलीसारखीं लवदार पानें व त्यांमधून वर येणारे जांभळ्या, गुलाबी वा पांढऱ्या फुलांचे झुबके यांमुळें हें रोप मनांत भरतें. परंतु पुष्कळदां तें थोड्याच दिवसांत कुजतें, आणि मग "परदेशी नाजूक जात, आपल्याकडे टिकावयाची नाहीं," असा निकाल दिला जातो. हा निकाल अन्यायाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें रोप हयगयीपेक्षां अति पाण्यानेंच अधिक मरतें.

त्याचें मूळ घर पाहिलें म्हणजे कारण उलगडतें. टांझानियांतील उसांबरा डोंगरांच्या अरण्यांत, गर्द सावलींत, शेवाळलेल्या खडकांच्या फटींतील बोटभर मातींत तें वाढतें. वाल्टर फॉन सेंट पॉल-इल्लेर या जर्मन अंमलदारानें तें युरोपांत पाठविलें, व १८९३ सालीं हर्मन वेंडलँड या उद्यानशास्त्रज्ञानें त्यास 'सेंटपॉलिया' हें नांव दिलें. त्या खडकांवर हवा दमट असते, पण मुळांशीं पाणी सांचून राहत नाहीं.

आपण मात्र काळ्या मातीची मोठी कुंडी भरतों व रोज तांब्याभर पाणी ओततों. मातींतील हवा नाहींशी होऊन मुळें कुजतात. कुजलेलीं मुळें पाणी ओढीत नाहींत. म्हणून पानें माना टाकतात. तें पाहून घरची मंडळी रोप तहानलें असें समजून आणखी पाणी घालतात. येथेंच त्याचा शेवट होतो.

उपाय सोपे आहेत. कुंडी रोपाच्या पसाऱ्याच्या सुमारें एकतृतीयांश रुंदीची, तळास भोंक असलेली घ्यावी. कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा व जाड वाळू यांचें भुसभुशीत मिश्रण भरावें. उजेड भरपूर द्यावा, पण दुपारचें ऊन टाळावें. पूर्वेची खिडकी उत्तम. मातीस बोट लावून वरचा थर सुका लागला तरच कुंडीखालच्या थाळींत पाणी घालावें व अर्ध्या तासानें उरलेलें ओतून टाकावें. पानांवर गार पाणी पडल्यास डाग उठतात. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. कडक उन्हाळ्यांत कुंडी घरांतील थंड जागीं हलवावी. निरोगी पान देठासह मातींत खोंचल्यास त्यापासून नवीं रोपेंही होतात.

एका कुंडीसाठीं एवढा खल कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु हीच समजूत शेतांतही आपलें नुकसान करीत आहे. नीरा व कृष्णा यांच्या कांठच्या उसाच्या पट्ट्यांत बेसुमार पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळें चांगल्या जमिनी खारवट व चोपण झाल्या. महसूल खात्यांत उमर घालविलेल्या माणसास अशा जमिनींपुढील 'पड' हा शेरा चांगला परिचयाचा असतो. कुंडी मेली तर थोडक्या रुपयांचें नुकसान. जमीन मेली तर पुढील पिढीची भाकरी जाते. म्हणून सुज्ञ बंधूंनीं हें रोप अवश्य लावावें, आणि पाणी घालण्यापूर्वीं मातीस बोट लावून पाहण्याची संवय मुलांना त्या लहानशा कुंडीपासूनच लावावी.