तज्ज्ञांचंच ठरत नाही म्हणे!

तज्ज्ञांचंच एकमत नाही, तर आपण कशाला डोकं शिणवायचं? हा सवाल हल्ली पानटपरीपासून विधिमंडळापर्यंत कुठेही कानावर पडतो, आणि तो टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाद जिंकल्याचं समाधान असतं. त्यामागचा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. तूप कालपर्यंत वाईट होतं, आज चांगलं झालं. एक अर्थतज्ज्ञ सरकारला कर्ज काढून खर्च करायला सांगतो, दुसरा हात आखडायला. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी आर्य आणले आणि त्यांनीच ते घालवले, असं वर्तमानपत्रांतून दिसतं. धरणामुळे भूकंप होतो म्हणणारे आणि होत नाही म्हणणारे, दोघांच्याही नावामागे डॉक्टर. मग सामान्य माणसाने या सगळ्यांना कोपरापासून नमस्कार करून आपल्या मनाला पटेल ते धरलं, तर बिघडलं कुठे?

माझा आक्षेप या सावधपणाला नाही, त्यामागच्या आळसाला आहे. ‘मतभेद आहेत’ एवढे दोन शब्द ऐकले की ही मंडळी उठून चालू लागतात. मतभेद कशावर, किती आणि कोणाकोणात, हे विचारायला थांबत नाहीत. थांबली तर बहुतेक वेळा असं दिसेल की भांडण चाललंय ते सहमतीच्या भल्या मोठ्या वावरातल्या एका बांधावरून.

पायाखालच्या दगडापासूनच सुरुवात करू. सह्याद्रीतला घाट चढताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात तयार झालेली ही माती. भूशास्त्रज्ञ ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पट्ट्यांत अडकलेल्या राखेतून झिरकॉनचे बारीक स्फटिक वेचले आणि त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं यावरून थरांची वयं काढली. कोर्टनी स्प्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द बेसाल्टमधली खनिजं घेतली आणि आरगॉनच्या पद्धतीने मोजमाप केलं. दोन्ही निबंध फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात शेजारीशेजारी आले, आणि निष्कर्ष जुळले नाहीत. शोन यांच्या हिशेबाने एक मोठा उद्रेक मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या अशनिपाताच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला होता. स्प्रेन यांच्या हिशेबाने सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा अशनी पडल्यानंतरचा. डायनोसॉर कोणी मारले या जुन्या खटल्यात हा फरक महत्त्वाचा आहे, यात शंका नाही.

पण फरक आहे केवढा? ६ कोटी ६० लाख वर्षांमागच्या घटनेत काही दशसहस्र वर्षांचा, म्हणजे हजारात एखाद्या भागाचा. दख्खनचं पठार लाव्ह्याचं आहे, बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांत ओतला गेला, आणि त्या काळातच पृथ्वीवर सजीवांचा मोठा संहार झाला, यावर दोन्ही गटांत काडीचा वाद नाही. दोन वेगळी खनिजं, दोन वेगळी घड्याळं, आणि तरी उत्तरं इतकी जवळ. ज्याला यात ‘तज्ज्ञांचा गोंधळ’ दिसतो, त्याने आपल्या आजोबांच्या जन्माचं साल घरातल्या तीन माणसांना वेगवेगळं विचारून पाहावं.

दगडाच्या वयावरून कोणाचं घर कोसळत नाही, असं कोणी म्हणेल. मग घर कोसळल्याचंच उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जात होतं. १९६२ च्या सुमारास कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून परिसरात बारीक धक्के जाणवू लागले होते, त्यासाठी भूकंपमापकही बसवले होते. तरी धरणाचा संबंध जोडायला नकार देणारे जाणकार होते, आणि त्यांचा आक्षेप टाकाऊ नव्हता. शंभर मीटर उंचीच्या पाण्याचं ओझं कित्येक किलोमीटर खोलवरच्या खडकाला जाणवणार ते कितीसं? तिथे डोक्यावरच्या खडकाचा भार त्याच्या कितीतरी पट.

या आक्षेपाचं उत्तर सभेत टाळ्या मिळवून दिलं गेलं नाही. वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. धक्के एका छोट्या टापूतच येत राहिले, साधारण वीस गुणिले तीस किलोमीटरच्या. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुढे पाणी उतरताना त्यांची संख्या वाढताना दिसली. दक्षिणेला वारणेचं धरण १९८० च्या दशकात भरलं आणि पुढच्या काळात धक्क्यांचा जोर तिकडेही सरकला. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी या विषयात हयात घालवली. पुढे थेट तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन बेसाल्टखालचा ग्रॅनाइट तपासला गेला, कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. आज जे मानलं जातं ते असं, की पाण्याच्या वजनाने भूकंप घडत नाही. खडकातल्या भेगेवर ताण आधीपासूनच असतो, आणि खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब ती भेग सुटायला निमित्त होतो. म्हणजे ओझ्याबद्दल शंका घेणाऱ्यांचाही अर्धा मुद्दा या उत्तरात मुरला आहे. वाद करणाऱ्यांपैकी एक पक्ष मूर्ख ठरला, असं झालंच नाही. आणि याचा अर्थ प्रत्येक धरणाखाली भूकंप दबा धरून बसलाय असाही नाही. जगात असंख्य जलाशय भरले आणि काही घडलं नाही.

आता तिसरा मासला, जिथे मतभेद मुळात निबंधांत नव्हताच. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. एकसष्ट सांगाड्यांचे नमुने तपासले. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही, त्यामुळे हाती लागण्याजोगा निघाला तो एकाच बाईचा, तोही कानाजवळच्या कवटीच्या सर्वांत टणक हाडातून, त्याच त्या भुकटीवर शंभराहून अधिक वेळा काम करून. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात निबंध आला: या बाईत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा, म्हणजे ज्यांना आर्यांशी जोडलं जातं त्यांचा, वारसा नाही. लगेच पत्रकार परिषदेतून आणि मथळ्यांतून जाहीर झालं की आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत निकालात निघाला.

त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये दुसरा निबंध आला होता, ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा. त्यात म्हटलं होतं की गवताळ प्रदेशातल्या लोकांचा वारसा दक्षिण आशियात आला तो साधारण इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात. लेखकांच्या यादीवर नजर टाका: शिंदे, डेव्हिड राइश, वागीश नरसिंहन, थंगराज, नीरज राय. दोन्हीकडे बरीचशी नावं तीच! राखीगढीची बाई त्याच्या काही शतकं आधीची. जे लोक अजून यायचे आहेत, त्यांचा वारसा तिच्या अंगात सापडणार कुठून? दोन्ही निबंध एकमेकांत चपखल बसतात. विरोध होता तो निबंध आणि मथळा यांच्यात. उलट्या बाजूच्या विजयोत्सवालाही इथे फारशी जागा नाही, हेही सांगायला हवं. इराणच्या शेतकऱ्यांनी येऊन इथे शेती शिकवली, या जुन्या कल्पनेला ‘सेल’मधल्या निबंधाने खरोखर धक्का दिला आहे, कारण तो धागा शेती सुरू होण्याआधीच वेगळा झालेला दिसतो. पण एवढं बारीक कोण वाचतो? ‘आले’ किंवा ‘आले नाहीत’, यापलीकडे आपली भूक नाही.

पूर्वपक्षातला माणूस इथे म्हणेल, सगळी गोडगोड उदाहरणं काढलीत. संशोधक साफ चुकतात तेव्हाचं काय? चुकतात. आणि महागात पडेल असं चुकतात. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो. त्यांच्या तक्त्यात सरासरी निघाली उणे ०.१ टक्का. युरोप-अमेरिकेतल्या काटकसरवादी राजकारण्यांनी हा आकडा झेंड्यासारखा नाचवला. थॉमस हर्न्डन नावाचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी वर्गाचा गृहपाठ म्हणून तीच आकडेमोड करायला बसला आणि त्याचा हिशेब जुळेना. त्याने मूळ तक्ता मागवला, आणि तो मिळाला. सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क गायब!

एक्सेलमधल्या या चुकीवर जगभर विनोद झाले. खरी मेख दुसरीकडे होती. न्यूझीलंडचं १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, ब्रिटनच्या एकोणीस वर्षांच्या बरोबरीने तोललं गेलं होतं. हर्न्डनने त्याच्या दोन प्राध्यापकांसह २०१३ मध्ये दुरुस्त हिशेब मांडला तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. मधल्या तीन वर्षांत त्या आकड्याच्या आडोशाने जी कपात झाली ती झालीच, ती भरून येत नाही. हे मी नाकारत नाही. पण चूक पकडली कोणी? विद्यापीठांवर अविश्वास दाखवणाऱ्या स्तंभलेखकाने नव्हे, एका पोराने, तक्ता उघडून. ‘मला पटत नाही’ एवढं म्हणून तो घरी गेला असता तर उणे ०.१ आजही फिरत राहिला असता.

काही मतभेद करून पाहिल्याने मिटतात. गडचिरोलीची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजायला वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ दिली, जंतुदोष झाला तर इंजेक्शन द्यायलाही तयार केलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं प्रसिद्ध झालं. आक्षेप दोन: फारशा न शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणं धोक्याचं, आणि बंग दांपत्य असामान्य म्हणून त्यांना जमलं, इतरांना जमणार नाही. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणून महाराष्ट्रात सात ठिकाणी वेगवेगळ्या संस्थांनी तेच करून पाहिलं. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहतात, प्रसूती रुग्णालयात झाली तर सहा वेळा, घरी झाली तर सात. मतभेद उरला तो मुख्यतः सुईपुरता.

आता असा वाद, जो आकड्यांनी मिटत नाही आणि तसा मिटेल अशी अपेक्षा धरणंच चूक आहे. तो घडला पुण्यात, गरिबी कशी मोजायची यावरून. गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही गरिबीची कसोटी धरली. १९६०-६१ च्या किमतींनी तो खेड्यात महिना १५ रुपये येत होता, आणि त्या हिशेबाने खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम करून पुण्याला परतलेले पां. वा. सुखात्मे म्हणाले की माणसाची गरज स्थिर नसते. त्याच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक वरखाली होते, शरीर जुळवून घेतं. म्हणून सरासरीपेक्षा बरंच खालचं माप धरायला हवं. माप खाली आणलं की उपाशी माणसांची संख्या झपाट्याने घटते. दांडेकरांनी १९८१ मध्ये याला जाहीर विरोध केला. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचंही म्हणणं होतं की शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही. त्याची किंमत खुंटलेली वाढ आणि कमी झालेलं काम यांत मोजावी लागते.

माझा कौल दांडेकर आणि गोपालन यांच्या बाजूने आहे. पण सुखात्म्यांनी दाखवलेले चढउतार खोटे होते म्हणून नव्हे. जगण्यापुरतं आणि धडपणे जगण्याइतकं, यांतलं कोणतं माप धरायचं हा सांख्यिकीचा प्रश्न नाही, म्हणून. तेच पुढे पुन्हा घडलं. २०११-१२ या एकाच वर्षासाठी, गरिबी मोजायला नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने देशात २१.९ टक्के गरीब निघाले, रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के. फरक नऊ कोटींहून अधिक माणसांचा. लोक म्हणाले, बघा, यांचंच ठरत नाही! दोघांनीही आपापली रेषा कशी काढली, त्यात अन्न किती, औषध-शिक्षण-भाडं किती, हे उघड मांडलं होतं. खेड्यातल्या माणसाला महिना ८१६ रुपयांत जगता येतं की ९७२ लागतात, यावर शिक्का मारायचं काम समितीचं नव्हतं. ते निवडून दिलेल्यांचं होतं. रंगराजन समितीचा अहवाल २०१४ मध्ये सादर झाला. सरकारने तो ना स्वीकारला, ना फेटाळला.