हेड न उतरवता कॅम बदलताना

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरकडे जाणाऱ्या आणि आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ या नावाने दफ्तरी नोंद असलेल्या रस्त्याच्या दुतर्फा जी लहानमोठी गॅरेजे उभी आहेत, त्यांतील कोणत्याही मेस्त्रीपुढे एखादी जुनी काळी-पिवळी जीप आली, तिच्या इंजिनातून टॅपेटचा आवाज थांबेनासा झाला, टॅपेट सेट करूनही चार दिवसांत गाळा पुन्हा वाढू लागला आणि चढावर एक सिलिंडर मिस मारू लागला, म्हणजे कॅम झिजल्याचे निदान तो बहुतेक वेळा बिनचूक करतो. या भागातील कारागिरांच्या कानावर आणि बोटांवर माझा पूर्ण इतबार आहे. परंतु निदानानंतर लगोलग जे वाक्य गाडीमालकाच्या कानी पडते, ते म्हणजे ‘हेड उतरवावे लागेल’. आणि ज्या कामात हेड उतरवण्याची मुळीच आवश्यकता नाही अशाही कामात हा दस्तूर पाळला जातो, याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसून योग्य हत्याराचा अभाव हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे हत्यार म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर. व्हॉल्व्हची दांडी स्प्रिंगच्या मधून वर येते, स्प्रिंगच्या माथ्यावर एक चकती असते, आणि त्या चकतीला दांडीशी जखडून ठेवण्याचे काम दोन अर्ध्या पाचरी करतात, ज्यांना गॅरेजात लॉक म्हणतात. स्प्रिंग दाबून धरल्यावाचून हे लॉक निघत नाहीत आणि दाबून धरल्यावाचून पुन्हा बसतही नाहीत.

कॅम बदलायचा तर स्प्रिंगला हात का लावायचा, असा प्रश्न गाडीमालक विचारतात आणि तो रास्त आहे. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा, म्हणजे तासाला ६० हजार वेळा उघडतो आणि मिटतो. इतका मार वर्षानुवर्षे सोसलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून पाहिली तर पुष्कळदा तिची उंची कमी झालेली, क्वचित ती एका अंगाला कललेलीही आढळते. अशी मवाळ स्प्रिंग वेग वाढला की टॅपेटला कॅमच्या पाठोपाठ चालवू शकत नाही. टॅपेट कॅमपासून सुटतो आणि पुन्हा त्यावर आपटतो, आणि नवा कॅम अकाली खराब होण्यास आरंभ होतो. जे हौशी तरुण अधिक उचल देणारा कॅम बसवू पाहतात, त्यांच्या बाबतीत तर स्प्रिंग तपासणे अनिवार्यच आहे, कारण वाढलेल्या उचलीने स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडले तर पुश रॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. शिवाय व्हॉल्व्हच्या दांडीवरचे रबरी सील, जे कडक झाले की सायलेन्सरातून निळा धूर निघू लागतो, तेही त्याच बैठकीत बदलून होतात.

आता हेड उतरवण्याची किंमत पाहावी. रेडिएटरचे पाणी काढणे, मॅनिफोल्ड सोडणे, डिझेलच्या नळ्या मोकळ्या करणे, हेडचे बोल्ट क्रमाने ढिले करणे, नवे गॅस्केट आणणे, हेड लेथवर नेऊन त्याचे तोंड समतल करून घेणे, पुन्हा क्रमाने आणि मापाने बोल्ट आवळणे, एवढा सारा खटाटोप करून मिळवायचे काय, तर आठ व्हॉल्व्हांच्या स्प्रिंगा. त्या मुदतीत गाडी उभी राहते, फेऱ्या बुडतात, आणि बँकेचा हप्ता मात्र आपल्या तारखेला हजर होतो. जेथे कॉम्प्रेशनच कमी आहे, व्हॉल्व्हची बैठक जळालेली आहे अथवा गॅस्केट फुटलेले आहे, तेथे हेड अवश्य उतरवावे. त्याचप्रमाणे काही इंजिनांतील टॅपेट हेड काढल्याखेरीज बाहेरच येत नाहीत. आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवणे हा तर शुद्ध अपव्यय असल्याने तेथेही दुसरा इलाज नाही. माझा आक्षेप आहे तो या सबबी नसतानाही हेड उतरवण्याला.

कॉम्प्रेसर निवडताना बहुसंख्य गॅरेजांचा घोटाळा होतो तो पहिल्याच पायरीवर. स्पेअर पार्टच्या दुकानात सहज आणि स्वस्त मिळतो तो इंग्रजी सी या अक्षराच्या आकाराचा शिकंजा. त्याचा एक जबडा स्प्रिंगवर आणि दुसरा व्हॉल्व्हच्या तोंडावर, म्हणजे ज्वलनकक्षाच्या बाजूने, टेकवावा लागतो; सबब हेड टेबलावर असेल तेव्हाच तो चालतो आणि हेड गाडीत असताना निरुपयोगी ठरतो. हेच एकमेव हत्यार गॅरेजात असले की हेड उतरवणे ओघानेच आले. काही ठिकाणी तेही नसते आणि चकतीवर गोटीपाना उभा धरून हातोड्याचा ठोका मारला जातो. त्याने लॉक उडून निघतात हे खरे, पण त्यांतला एखादा पुश रॉडच्या भोकातून थेट खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन पडला तर अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. शिवाय बसवताना ठोक्याचा काहीच उपयोग होत नाही.

गाडीत बसलेल्या हेडसाठी दोन जाती विचारात घेण्याजोग्या आहेत. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी परवाना-करार करून बनवायला घेतलेले एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन, जे या भागातील किती तरी जीपगाड्यांत बसलेले होते, त्यात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि हेडवर रॉकरची शाफ्ट असते. अशा रचनेला शाफ्टच्या जागी अडकवायचा तरफेचा कॉम्प्रेसर सर्वांत सोयीचा पडतो, कारण एका हाताने तरफ दाबून दुसऱ्या हाताने लॉक उचलता येतात. मारुती ८०० सारख्या, कॅम हेडमध्येच असलेल्या गाड्यांसाठी हेडवर जखडून आडवी पट्टी टाकणारा आणि त्या पट्टीवर सरकणारा, पुलाच्या धाटणीचा कॉम्प्रेसर घ्यावा; तो महाग असला तरी अनेक जातींच्या इंजिनांना बसवून घेता येतो. ज्या गॅरेजात सर्व प्रकारच्या गाड्या येतात, त्याने एकच घ्यायचा झाल्यास हाच घ्यावा, असा माझा स्पष्ट कौल आहे. स्प्रिंगच्या वेढ्यांना दोन नख्यांनी पकडणारा छोटा स्क्रूचा प्रकार मला मान्य नाही. दाट वेढ्यांत त्याची नखी शिरत नाही, आणि ताणलेली स्प्रिंग निसटली तर डोळ्याला इजा होते.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच तीन गोष्टी निरखून पाहाव्यात. चकतीवर बसणारा त्याचा पेला फक्त चकतीच्या काठावर टेकला पाहिजे. त्याच्या अंगाला लॉक काढता येतील एवढी खिडकी पाहिजे. आणि बॉनेट उघडल्यावर शेवटच्या सिलिंडरपाशी, जेथे मागचा पत्रा अगदी जवळ येतो, तेथेही त्याची तरफ फिरली पाहिजे. पहिल्या सिलिंडरवर सुरेख चालणारे हत्यार चौथ्यावर अडकले, तर त्याचा दाम वाया गेला.

हेड जागेवर असताना स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह आत पडू नये याची तजवीज करावी लागते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावर आणून, पेट्रोल गाडीत प्लगच्या आणि डिझेलमध्ये इंजेक्टरच्या अथवा ग्लो प्लगच्या भोकातून ९० ते १०० पौंड दाबाची हवा सोडली तर व्हॉल्व्ह बैठकीला चिकटून राहतो. मात्र हवा सोडताना क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवू नये, कारण पिस्टन नेमका टोकावर नसेल तर क्रँक झटक्याने फिरतो आणि पाना हात मोडू शकतो. आपल्याकडे वीज ऐन वेळी जाते, हवेच्या कंप्रेसरची टाकी गळकी असते, आणि हवा ओसरली की व्हॉल्व्ह घसरतो; म्हणून हवा असो वा नसो, पिस्टन वरच्या टोकावरच ठेवण्याचा नियम मोडू नये. पर्किन्सच्या कित्येक डिझेल इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत पिस्टनच्याच आधाराने हेडवरच्या स्प्रिंगा बदलण्याची रीत सांगितलेली आहे. पेट्रोल इंजिनात सुती दोरी प्लगच्या भोकातून आत सारून, तिचे टोक बाहेर ठेवून, क्रँक हाताने हळूच फिरवून दोरीने व्हॉल्व्ह वर दाबून धरण्याची जुनी युक्तीही उत्तम आहे, आणि तिला विजेची गरज नाही.

लॉक बसवताना त्यांना किंचित ग्रीस लावावे म्हणजे ते दांडीला धरून राहतात, तेलाची सारी भोके फडक्याने बुजवावीत, आणि शेवटी दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलका टोला द्यावा. नव्या कॅमला नव्या टॅपेटसह सुरुवातीची सुमारे २० मिनिटे आयडलवर न ठेवता जरा चढ्या गतीवर चालवावे, म्हणजे उसळणारे तेल कॅमच्या उंचवट्यांपर्यंत पोचते.

१९५० साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली नांदेड आणि लातूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तेथील प्राचार्यांना माझी विनंती आहे की, टेबलावरच्या हेडबरोबरच गाडीत बसलेल्या हेडवरही मुलांकडून स्प्रिंग काढून घ्यावी. एकेकट्याला पुलाचा कॉम्प्रेसर परवडत नसेल तर शेजारच्या चार गॅरेजांनी वर्गणी करून तो घ्यावा. आणि गाडीमालकांनी हेड उतरवण्यास रुकार देण्यापूर्वी एवढेच विचारावे: हेड न उतरवता स्प्रिंग दाबण्याचे हत्यार तुमच्याकडे आहे काय? ज्याच्याकडे ते आहे, त्याने चार पैसे अधिक मागितले तरी खुशीने द्यावेत.