संशोधनाची पदवी कोणासाठी?

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत अलीकडे एक नवा शब्दप्रयोग ठळक अक्षरांत छापला जाऊ लागला आहे : ‘बी. टेक., संशोधनासह ऑनर्स’. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अनेक विद्यापीठांनी जे नवे अभ्यासक्रम आखले, त्यांत हा पर्याय आला आहे. विद्यार्थ्याने केवळ ठरीव धडे घोकून परीक्षा देऊ नये, एखाद्या प्रश्नाचा स्वतः शोध घ्यावा आणि त्याबद्दल त्याला विशेष मानाची पदवी मिळावी, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. हेतू चांगला आहे आणि त्याचे स्वागत करण्यात आपण कद्रूपणा दाखविण्याचे कारण नाही. परंतु योजनेचा हेतू आणि योजनेची घडण या दोन निराळ्या गोष्टी असतात. हेतू सरकार सांगते. घडण मात्र कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे ठरविते. म्हणून ही घडण तपासणे अगत्याचे आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकी पदवीचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पदवीसाठी १६० श्रेयांक आणि ऑनर्ससाठी आणखी २० श्रेयांक, असा त्याचा साचा होता. हे वीस श्रेयांक म्हणजे काय, याचा साधा हिशेब करून पाहावा. आठवड्याला दोन तासांचे प्रात्यक्षिक सत्रभर केले म्हणजे एक श्रेयांक मिळतो. प्रयोगशाळेतील वा शिवारातील काम अशाच मापाने मोजले, तर वीस श्रेयांकांचे काम अखेरच्या चार सत्रांत विभागल्यावर दर आठवड्याला दहा तास पडतात. नेहमीचा अभ्यासक्रम पुरा करून हे दहा तास वेगळे काढावयाचे आहेत.

ते कोणाजवळ असतात? वसतिगृहात स्वतंत्र खोली असलेल्या, घरून पैसे येणाऱ्या मुलाजवळ ते असतात. सकाळी महाविद्यालय आणि संध्याकाळी दुकानात वा शिकवणी वर्गात काम करून खाणावळीचे पैसे भागविणाऱ्या मुलाजवळ ते नसतात. घरी परतल्यावर स्वयंपाक ज्यांची वाट पाहत असतो, त्या मुलींजवळही नसतात. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. पण शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास माफ होत नाही. वेळेची गरिबी तर कोणत्याच शासननिर्णयात मोजली जात नाही.

गुणांची अट ही या घडणीची दुसरी कडी आहे. ऑनर्सला प्रवेश देताना आधीच्या सत्रांची सरासरी पाहिली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच. डी.चे जे नियम केले, त्यांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर थेट संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यास किमान ७५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. आता मराठी शाळेतून बारावी होऊन आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करावा. पहिले वर्षभर तो विषयाशी कमी आणि इंग्रजीशीच अधिक झुंजत असतो. त्याची पहिल्या दोन सत्रांची घसरण ही त्याच्या बुद्धीची नसते, भाषेची असते. तिसऱ्या वर्षी त्याची बुद्धी मोकळी होते, त्याच वेळी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आडवी येते. ज्याने दुष्काळ पाहिला, विजेअभावी जळालेले पीक पाहिले, त्याच्याजवळ शोध घेण्याजोगे प्रश्न सर्वांत अधिक असतात आणि शोध घेण्याची मुभा सर्वांत कमी.

तिसरी कडी शिक्षकाची. संशोधन हे पुस्तकातून वा पडद्यावरील व्याख्यानातून शिकता येत नाही. मोजमाप कसे घ्यावे, आपले उत्तर चुकले हे कसे ओळखावे आणि ते प्रामाणिकपणे कसे लिहावे, हे अनुभवी माणसाजवळ बसूनच शिकावे लागते. ज्या २०१८ साली परिषदेने ऑनर्सची कल्पना मांडली, त्याच सुमारास तिने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक असे सैल केले. ऑनर्सचे जादा श्रेयांक दूरस्थ ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळविण्याचीही मुभा ठेवली. पुढे २०२४ मध्ये चांगल्या ठरविलेल्या संस्थांच्या प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादाही उठविण्यात आली. एका हाताने संशोधनाचा गौरव करावयाचा आणि दुसऱ्या हाताने ज्या शिक्षकाच्या बळावर ते चालावयाचे त्याचा वेळ काढून घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. तासिका तत्त्वावर राबणारा, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तरुण अध्यापक दोन वर्षांच्या संशोधनाला मार्गदर्शन करणार तरी कसा? परिणाम उघड आहे. तयार प्रकल्प विकत घेऊन त्यावर आपले नाव घालण्याची रीत अभियांत्रिकीच्या जगात नवी नाही. तिला आता ऑनर्सची झूल चढेल, एवढेच.

महाराष्ट्रात या विकाराचे मूळ १९८३ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. राज्यातील मुलांना कर्नाटकात जाऊन देणग्या मोजाव्या लागतात, त्या थांबतील, हे त्याचे समर्थन होते. महाविद्यालये वाढली आणि खेड्यापाड्यांतील मुले अभियंते झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिक्षणसंस्था विद्यार्थ्याच्या शुल्कावर जगू लागली की शुल्कातून न निघणारी प्रत्येक गोष्ट तिला ओझे वाटू लागते. संशोधन हे त्यांतील पहिले ओझे. प्रयोगशाळा दाखविण्यापुरती, ग्रंथालय तपासणीपुरते आणि सारा भर नोकरीच्या मुलाखतींवर, अशी जी संस्था चार दशके घडत गेली, तिच्या अंगावर आता संशोधनाचा बिल्ला लावला जात आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, त्याचा विचार केला पाहिजे. संशोधन सर्वांना झेपत नाही. गुणवंतांना वेगळे काढून उत्तेजन देण्यात गैर काय, असे विचारले जाते. प्रत्येक अभियंता संशोधक होणार नाही, हे खरेच आहे. परंतु विश्वेश्वरय्यांचे उदाहरण आठवावे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला हा मुलगा बंगळूरमध्ये शिकवण्या करून शिकला आणि म्हैसूर संस्थानाच्या मदतीवर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आला. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसले. सार्वजनिक पैशाने एका गरीब विद्यार्थ्याचा वेळ मोकळा केला आणि त्याचे फळ सार्वजनिक धरणाला मिळाले. गुणवत्ता ही आधी सिद्ध करून मग सवलत मागण्याची वस्तू नव्हे. सवलत मिळाल्यावरच ती पुष्कळदा दिसू लागते.

आणि मुळात संशोधन कशाला म्हणावयाचे? ज्याचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून येतो त्यालाच, की ज्यामुळे कोणाचे तरी कष्ट हलके होतात त्यालाही? १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, यंत्र खेड्यात चालावे, दीर्घकाळ टिकावे, अशा त्याच्या अटी होत्या. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. पण अभियांत्रिकीचा प्रश्न कसा मांडावा, याचा तो आजही उत्तम धडा आहे. यंत्र कोणाच्या हातात जाणार, हे त्या प्रश्नातच लिहिलेले होते. डॉ. लोहियांचा लहान यंत्राचा आग्रहही याच विचाराचा होता. यंत्राला विरोध म्हणून त्यांनी तो धरला नव्हता. यंत्राची मालकी आणि आकार माणसाच्या आटोक्यात राहावा, म्हणून धरला होता.

आपल्याच मातीतील आणखी एक उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कसायला घेतली आणि पाणी अडविण्याचे, मोजण्याचे व वाटण्याचे प्रयोग केले. त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही त्यात वाटा असावा. उसाला हे पाणी नसावे, असे तिचे नियम होते. पाण्याचा ताळेबंद हे अभियांत्रिकीचे काम. तो ताळेबंद माणशी मांडावा, हा समाजवादी निर्णय. दोन्ही एकत्र आली म्हणून नायगावचा प्रयोग घडला.

असे प्रश्न आजही विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडलेले आहेत. शेतीच्या पंपांना रात्री वीज का मिळते आणि गावचे रोहित्र दर हंगामात का जळते? नळपाणी योजना पुरी झाल्याची नोंद होऊनही उन्हाळ्यात टँकर का येतो? उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारीत चढणाऱ्या ऊसतोड बाईची मान आणि कंबर वाचेल, पण तिची मजुरी जाणार नाही, असे साधन करता येईल काय? हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही माणसे गटारात उतरून गुदमरतात. प्रत्येक नगरपालिकेला परवडेल असे यंत्र का नाही? यांपैकी कोणताही प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. मुंबईच्या आय. आय. टी.त ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ पासून आहे. २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाद्वारे महाविद्यालयांना आपल्या परिसराच्या प्रश्नांशी जोडण्याची वाट शासनानेच मान्य केली. वाट मान्य आहे. तिच्यावरून चालण्यासाठी पैसा आणि माणसे यांची तरतूद हवी.

पैसा नाही, हे उत्तर आता देता येणार नाही. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. यात मोठी वाढ व्हावयास हवी, यात वाद नाही. पण जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन व नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती मुख्यतः खाजगी उद्योगांना स्वस्त, दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविण्यासाठी. उद्योगांसाठी लाख कोटींची तजवीज होऊ शकते, तर संशोधनाची पदवी घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची खोली आणि खाणावळ भागविण्याची का होऊ नये?

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. संशोधन हे जादा श्रेयांकांचे ओझे न राहता नेहमीच्या अभ्यासक्रमाचा भाग व्हावे. ऑनर्सचा प्रवेश केवळ पहिल्या वर्षांच्या गुणांवर न ठरता विद्यार्थ्याने मांडलेल्या प्रश्नावरही ठरावा. तो पर्याय घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यास विद्यावेतन मिळावे. अध्यापकांच्या जागा कायम स्वरूपात भराव्यात आणि वीसास एक हे प्रमाण पुन्हा पंधरास एक करावे. जिल्हा परिषदा, कामगार संघटना, एस. टी., वीज मंडळाची उत्तराधिकारी कंपनी यांनी दरवर्षी आपापले प्रश्न महाविद्यालयांकडे द्यावेत. सार्वजनिक पैशातून निघालेला निष्कर्ष सार्वजनिक मालकीचा राहावा आणि त्याचा मराठी गोषवारा संबंधित ग्रामसभेपुढे वाचला जावा.

अखेरीस आपल्याविषयी. शुल्कवाढीविरुद्ध आपण मोर्चे काढले, आरक्षणासाठी लढलो, ते योग्यच होते. पण प्रवेशाच्या दारापर्यंत लढून आपण परत फिरलो. आत काय शिकविले जाते, कोणाच्या प्रश्नांवर बुद्धी खर्च होते, हा विषय आपण तज्ज्ञांचा म्हणून सोडून दिला आणि तो बाजाराने उचलला. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील पाच प्रश्न लिहून काढावेत आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे ते घेऊन जावे. दार एकदम उघडणार नाही. पण आपल्याच गावची मुले आत शिकत आहेत. त्यांच्या हाती गावचा प्रश्न पोहोचविणे, हे काम तरी आपल्याला कोणाच्या शासननिर्णयाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे.