खडकावरची यांत्रिक घोरपड

खेळण्यांतली मोटार म्हटली म्हणजे तिनें भरधांव धांवावें, भिंतीवर आपटावें आणि आठ दिवसांत तिचीं चाकें माळ्यावर जावींत, असा घरोघरचा अनुभव आहे. ज्या गाडीविषयीं आज आम्ही लिहीत आहों ती या कुळांतली नव्हे. ती धांवतच नाहीं. रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनहि मंद गतीनें ती दगडामागून दगड चढत जाते, एखाद्या कपारीपाशीं थबकते, पुढचें चाक चाचपून पाहते आणि मग अंग उचलते. इंग्रजींत तिला रॉक क्रॉलर म्हणतात. आमच्या घरांतील मुलांनीं तिचें नांव घोरपड ठेविलें आहे, आणि मावळांत हें नांव कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

दुरून, तारेवांचून, यंत्र चालविण्याची कल्पना जुनीच. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें लोकांसमोर एक लहानशी होडी अशी चालवून दाखविली होती. आज हातांतला रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गाडीशीं बोलतो, आणि दहा गाड्या एके ठिकाणीं जमल्या तरी एकीचा हुकूम दुसरीस जात नाहीं. खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची गाडी तीन किलोच्या आसपास भरते. पंधरा सेंटिमीटर उंचीचा दगड म्हणजे तिच्या जगांत दीड मीटरचा कडा! तेव्हां तिच्यासाठीं डोंगर शोधीत हिंडावें लागत नाहीं. बांधावरचे चार धोंडे पुरतात. त्यांतहि लोणावळ्याच्या भोंवतालचा काळा कातळ या खेळास फारच सोयीचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर सांचून तो बनला, म्हणून त्यास जागोजाग आपोआप पायऱ्या पडलेल्या आहेत; आणि उन्हानें सुकलेला असला म्हणजे तो रबरास कानशीप्रमाणें धरतो.

परंतु आमच्या वाचकांच्या घरांत पहिला प्रश्न कातळाचा नसून खर्चाचा असणार. एकदशांश मापाच्या चांगल्या गाडीस पांच आंकडी रक्कम पडते. परदेशी खेळण्यांवरील आयातकर २०२० सालीं वीस टक्क्यांवरून साठांवर गेला आणि २०२३ सालीं सत्तरांवर. ज्या घराची थैली एक आहे, तेथें एका मुलाच्या हौसेपायीं एवढी रक्कम काढावी काय, असें वडीलधाऱ्यांनीं विचारणें अगदीं रास्त आहे. आमचें मत असें कीं, चार भावंडांस चार स्वस्त गाड्या घेऊन देण्यापेक्षां सर्वांत मिळून एकच चांगली घ्यावी, आणि तिचा एकहि स्क्रू दुकानदारास पिळूं देऊं नये. जी गाडी मुलें स्वतः उघडूं शकत नाहींत ती कितीहि सुंदर असो, तिच्यावरचा पैसा फुकट. ज्यांस इतकेंहि जड वाटेल त्यांनीं चोविसांश मापाची, सुमारें वीस सेंटिमीटर लांबीची गाडी पाहावी; तिला अंगणांतली दगडी पायरीहि गड वाटते.

गाडी चढत नाहीं असें दिसतांच मुलांच्या मनांत पहिला विचार येतो तो मोठ्या मोटरचा. तो बहुधा चुकीचा असतो. बोरघाटांतली आगगाडी पाहावी. हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला आणि त्याची कठीणांत कठीण चढण सदतिसांस एक अशी आहे. आजहि कर्जतेहून वर येणाऱ्या अनेक गाड्यांस मागून जादा इंजिनें लावतात. तीं इंजिनें नुसतें बळ आणीत नाहींत. रुळांवर दाबणारें वजनहि आणतात. बळ असूनहि चाकानें रूळ धरला नाहीं तर तें जागच्या जागीं गरगरत राहील. आमच्या घोरपडीचें दुखणें नेमकें हेंच असतें. तिला बळ हवें तितकें आहे, उणीव पकडीची.

म्हणून सुधारणा खालून सुरू करावी. टायर जितके मऊ तितके चांगले, आणि त्यांच्या पोटांतला फोम असा असावा कीं दगडावर टेकतांच टायर अंगठ्याखालच्या पुरीसारखा दबावा. मग वजन. तें चाकांत किंवा आंसापाशीं, शक्य तितकें खालीं, आणि मागच्यापेक्षां पुढें अधिक घालावें. कारण चढणीवर गाडीचा सारा भार मागें सरतो आणि पुढचीं चाकें हवेंत उठूं पाहतात. बाजारांत यासाठीं पितळी तुकडे मिळतात. टायरवाल्याकडचीं चिकटवजनेंहि चालतात. मात्र तीं शिशाचीं असतील तर मुलांच्या हातीं देऊं नयेत.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर आंतल्या आणि बाहेरच्या चाकास निरनिराळी गति देणारी ही सोय रस्त्यावर उपकारक खरी, पण खडकावर घात करते. एक चाक अधांतरीं सुटलें कीं सारी गति त्याच्याच वांट्यास जाते आणि जमिनीवरचें चाक मख्ख उभें राहतें! म्हणून या गाड्यांत डावें-उजवें चाक एकत्र जखडलेलें असतें. वळतांना ओढाताण होते, ती सोसावी. ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीनें २०१७ सालीं काढलेल्या टीआरएक्स-४ या गाडींत हें कुलूप रिमोटवरून लावतां-काढतां येतें. शिवाय तिचा आंस चाकाच्या मध्यापेक्षां वर बसविलेला आहे, त्यामुळें पोट दगडास घांसत नाहीं. युनिमोग नांवाच्या जर्मन मालमोटारींत हीच युक्ति आहे. पैसे उरलेच तर पुढचीं चाकें वळविणारा सर्व्हो धातूच्या दांत्यांचा घ्यावा. दोन दगडांच्या बेचक्यांत चाक अडकलें म्हणजे प्लॅस्टिकचे दांते झडावयास क्षणहि लागत नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत तुंगार्लीच्या वरच्या अंगास आम्ही सर्व मंडळी गेलों होतों. अकरा वर्षांच्या पुतण्यानें गाडीच्या टपावर कॅरिअर बसविला होता. त्यावर सुतळीचें वेटोळें, इवलीशी शिडी, दोन डबे, आणि थोरल्या वहिनींनीं शिवून दिलेली बोटभर ताडपत्री. देखावा मोठा गोजिरा! परंतु कातळाच्या एकाच पायरीवर गाडी चार वेळां उताणी पडली.

"दादा, हिची मोटर कमी पडते रे."

"मोटर राहूं दे. आधीं तिच्या डोक्यावरचें बिऱ्हाड उतरव."

पोर कांहीं केल्या ऐकेना. काकूनें रात्रीं जागून शिवलेलें काढून ठेवणें त्याच्या जिवावर आलें होतें. शेवटीं वहिनींनींच ताडपत्री उचलली, घडी घालून गाडीच्या आंत तळाशीं बसविली आणि डबे आपल्या पिशवींत टाकले. थोरल्यानें बॅटरी मागून काढून पुढें बांधली. पांचव्या खेपेस गाडी किंचित् डगमगली, पुढचें चाक पायरीच्या कडेस चिकटलें, आणि ती वर गेली. मोटर होती तीच. घरीं आल्यावर पोरानें कॅरिअर परत चढविला, पण रिकामा.

घरच्या मंडळींनीं जागरूक राहावें अशी जागा एकच, ती बॅटरीची. या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या रागीट असतात. दोन घटांची बॅटरी ७.४ व्होल्टची. प्रत्येक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो आणि ३ च्या खालीं त्यास कधींहि उतरूं देऊं नये. आठवडाभर ठेवून द्यावयाची तर ३.८ वर ठेवावी. चार्जिंग उघड्या फरशीवर, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत व्हावें. गादीवर नव्हे, रात्रीं निजानीज झाल्यावर तर नव्हेच. फुगलेली बॅटरी "अजून चालते" म्हणून वापरणें हा काटकसरीचा नमुना नव्हे. बाकीची निगा सोपी आहे. जुन्या दांतघांसणीच्या ब्रशानें माती काढावी, गाडी पुसून कोरडी करावी, आणि बेअरिंगांस शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा.

आतां जागा. हिंवाळ्यांत राजमाचीकडची वाट, उन्हाळ्यांत पवनेचें पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे दगड, या उत्तम. गडांच्या तटांवर आणि भाजे, बेडसे, कार्ले येथील लेण्यांच्या पायऱ्यांवर मात्र गाडी नेऊं नये. लोहगड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला. पण तो गेला नसता तरी आमचें सांगणें हेंच असतें. आणि पावसाळ्यांत खडकावर जाऊंच नये. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्या कातळावर शेवाळाची साय धरते. गाडी घसरून ओढ्यांत जाते, आणि मुलगा तिच्यामागें धांवतो. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या पाठीमागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें पाहतां पाहतां वाहून गेलीं. त्यांत चार मुलें होतीं. गाडी पाण्यांत गेली तर ती गेली असें समजावें, हें मुलाच्या हातीं रिमोट देण्यापूर्वींच त्याच्याकडून कबूल करून घ्यावें.

ज्येष्ठापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे खेळ पडवींत चालतो. मिक्सर आल्यापासून परसांत उभा असलेला जुना पाटा आजींनीं या कामीं बहाल केला आहे. त्याची टांकी अजून झिजलेली नाहीं, त्यामुळें पकड कातळाहूनहि सरस. एका टोकाखालीं विटा लावून चढण वाढवीत नेतात, आणि प्रत्येक वीट आजी स्वतः सरकवितात. सध्यां तिसऱ्या विटेवर गाडी अडली आहे.