जंगलात गेल्याच कशाला?

एप्रिलमध्ये आम्ही चौघी ताडोब्याला जाऊन आलो. शिबिरं, मोर्चे, कोर्टाच्या खेपा यांतून दोन दिवस काढले. (बाईचा विरंगुळा म्हणजे चोरी नव्हे, हे आपणच सगळीकडे सांगत असतो!)

चंद्रपूरचं हे जंगल कोरडं, पानझडीचं. उन्हाळ्यात झाडं बोडकी होतात, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं आणि पाण्यावर वाघ दिसतो. म्हणून पर्यटकांचा हंगाम हाच. पहाटे गेटाकडे जाताना बफरमधल्या एका गावाजवळ मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मोह रात्री गळतो, उजाडताच वेचावा लागतो, नाहीतर गुरं आणि हरणं खातात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता. म्हणजे त्यांच्या कमाईचा हंगामही हाच. एक म्हातारी म्हणाली, "वाघ पाहाले जाता का जी ताई? आमाले तो दिसू नये म्हून आमी हात जोडतो."

आम्हाला गाडी, गाईड आणि खाली उतरायला सक्त मनाई. त्या पायी, आणि वाकलेल्या.

10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातच, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. असं काही घडलं की लोक विचारतात, जंगलात गेल्याच कशाला? हा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. 'एवढ्या रात्री बाहेर पडलीच कशाला' याचाच तो सख्खा भाऊ. तिकीट काढून जंगलात गेलेल्या आम्हा चौघींना तो कुणीही विचारला नाही.

वाघ वाचला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मानली आहे. त्या बाया घुसखोर नाहीत. वाघांच्या प्रश्नावरच्या बैठकीत त्यांना बोलवायला हवं, आणि तेही फक्त सतरंजीवर बसवायला नव्हे. गेटावर जमणाऱ्या पैशातून मोह-तेंदूच्या दिवसांत त्यांच्या टोळीबरोबर राखणदार देता येतील. ही काही फार मोठी मागणी नाही.

त्या सकाळी आम्हाला वाघीण दिसली. समोरून आलेल्या गाडीतल्या गाईडने आमच्या गाईडला ती कुठे बसली आहे ते सांगितलं, आणि थोड्याच वेळात तिथे दहाबारा गाड्या जमल्या. बफरमध्ये वाघ दिसला की ती बातमी इतक्याच लगबगीने मोहाखालच्या बायकांपर्यंत पोचते का, हे मी गाईडला विचारलं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "आजवर कोणी विचारलं नव्हतं, मॅडम."